आजी-आजोबांच्या स्मरणातील पंडित नेहरू

(धानोरा, जिल्हा नंदुरबार, येथे प्राथमिक शिक्षकांपुढे झालेले भाषण)



दरवर्षी १४ नोव्हेंबर रोजी प्राथमिक शाळांतून बालदिन साजरा होतो. पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या प्रतिमेस हार घातला जातो, तिसरी-चौथीतील दोन-तीन मुले पाठ केलेली भाषणे म्हणून दाखवितात, खाऊ वाटला जातो आणि कार्यक्रम संपतो. त्या भाषणांत कोटावरील गुलाबाचे फूल असते, मुलांविषयीचे प्रेम असते, जन्मतारीख आणि जन्मगाव असते. यांत वावगे असे काही नाही. परंतु ज्या मुलाने ते भाषण म्हटले त्याच्याच घरी, ओसरीवर बसलेल्या आजोबांना पंडितजींच्या निधनाची वार्ता कानी पडली तो दिवस पुष्कळदा आठवत असतो, आणि शाळेने त्यांना त्याविषयी कधी विचारलेले नसते. मुलगा छापील ओळी म्हणतो. घरातील जिवंत साक्ष मात्र मुकी राहते. ही साक्ष शाळेत कशी आणावी, ती ऐकताना कोणता विवेक बाळगावा आणि ती आजच का आणावी, हा या भाषणाचा विषय आहे.

प्रथम काळाचा हिशेब पाहू. पंडितजींचे निधन २७ मे १९६४ रोजी झाले. त्या दिवशी जो मुलगा दहा वर्षांचा होता, त्याने आज सत्तरी ओलांडली आहे. महात्मा गांधींचा वध ३० जानेवारी १९४८ रोजी झाला. तो दिवस कळत्या वयात अनुभवलेली माणसे आज पंचाऐंशीच्या पुढे आहेत आणि गावोगाव ती बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. गांधीजींच्या निधनाची प्रत्यक्ष स्मृती बहुतेक घरांतून गेली. नेहरूंच्या निधनाची स्मृती अजून आहे, पण ती जाण्याच्या मार्गावर आहे. आज पहिलीत बसणारे मूल सातवीत जाईपर्यंत त्याच्या आजोबांची स्मृती शाबूत असेलच, असे कोणी सांगू शकणार नाही. पुस्तकातील धडा पुढील वर्षीही शिकविता येतो. आजोबांच्या मुखातील धड्याला मात्र पुढील वर्षाची शाश्वती नाही.

धानोऱ्यासारख्या गावी या हिशेबास आणखी एक पदर आहे. १९६४ साली नंदुरबार हा जिल्हा नव्हता. हा मुलूख तेव्हा धुळे जिल्ह्यात मोडत असे आणि त्यापूर्वी त्या जिल्ह्याला पश्चिम खानदेश म्हणत. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले, नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. म्हणजे एकाच घरात, एकाच चुलीपाशी आयुष्य काढलेल्या आजीने जिल्ह्याची तीन नावे पाहिली. मुलाला नकाशा शिकविताना ही गोष्ट सांगितली, तर नकाशावरील रेषा माणसांच्या आयुष्यातून जातात, हे त्याला आपोआप उमगते.

आजी-आजोबांना प्रश्न विचारण्यापूर्वी शिक्षकाने त्या दिवसाचा लिखित वृत्तान्त नीट ठाऊक करून घेतला पाहिजे. कसोटीचा दगड हाती असल्याशिवाय सोन्याची पारख होत नाही. १९६४ च्या जानेवारीत भुवनेश्वर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले असता पंडितजींना पक्षाघाताचा झटका आला. त्यातून ते काहीसे सावरले आणि पुन्हा कामास लागले. २७ मे रोजी सकाळी नवी दिल्लीतील तीन मूर्ती भवन या निवासस्थानी त्यांची प्रकृती एकाएकी बिघडली आणि दुपारी त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. ती वार्ता दुपारी दोनच्या सुमारास लोकसभेत सांगण्यात आली आणि आकाशवाणीवरून देशभर गेली. त्यांचे वय ७४ वर्षांचे होते आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून सुमारे सतरा वर्षे ते अखंड पंतप्रधान होते. त्याच दिवशी गुलझारीलाल नंदा यांनी हंगामी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. २८ मे रोजी यमुनेच्या काठी, राजघाटाच्या जवळ अंत्यसंस्कार झाले. त्या जागेस पुढे शांतिवन हे नाव मिळाले. ९ जून रोजी लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले.

तो दिवस बुधवार होता. आदल्या दिवशी वैशाखी पौर्णिमा, म्हणजे बुद्धपौर्णिमा, होऊन गेली होती. ज्या आजीला इंग्रजी महिना सांगता येत नाही, ती कदाचित 'पुनवेच्या दुसऱ्या दिवशी' असे म्हणेल. आणि तिचे म्हणणे पंचांगाशी तंतोतंत जुळेल. शिक्षकाने अशा वेळी तारखेचा आग्रह धरू नये. तिथी, बाजाराचा वार, लग्नसराई, विहिरीचे आटलेले पाणी, पेरणीपूर्वीची नांगरट या खुणांनी खेडे काळ मोजत आले आहे. या खुणा लिहून घ्याव्यात. तारीख शिक्षकाने मागाहून बाजूला मांडावी.

वार्ता कशी आली, हा पहिला प्रश्न असावा. दूरचित्रवाणीच्या आणि खिशातील दूरध्वनीच्या काळात वाढणाऱ्या मुलाला वार्ता प्रवास करते, ही कल्पनाच नवी आहे. १९६४ साली खेड्यात रेडिओ मोजक्या घरी असे. नंदुरबार हे सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील स्थानक. तार, टपाल आणि वर्तमानपत्रे तेथे उतरत आणि तेथून पायी, बैलगाडीने वा मोटारीने गावोगाव जात. एखाद्या घरी वार्ता त्याच सायंकाळी पोहोचली असेल. सातपुड्यातील एखाद्या पाड्यावर ती आठवड्याच्या बाजाराला गेलेल्या माणसाबरोबर काही दिवसांनी चढली असेल. मुलांनी आपापल्या घरची उत्तरे फळ्यावर एकाखाली एक मांडली, तर एका वार्तेचा संपूर्ण मार्ग वर्गासमोर उभा राहील. ही इतिहासाची आणि भूगोलाची एकत्र शिकवणी आहे. तिला साहित्य म्हणून खडू आणि फळा एवढेच लागते.

दुसरा प्रश्न असा की, वार्ता ऐकून घरात आणि गावात काय झाले? चूल पेटली की नाही, बाजार भरला की नाही, कोण रडले, कोण गप्प राहिले, मोठी माणसे आपसांत काय बोलली? ज्या पुरुषाला त्यातील बहुतेकांनी कधी पाहिले नव्हते, त्याच्यासाठी माणसे का हळहळली, याचे उत्तर अशा लहान तपशिलांतूनच मिळते. पुष्कळांच्या आठवणीत दुःखाइतकीच धास्तीही असेल. स्वातंत्र्यानंतर देशाने दुसरा पंतप्रधान पाहिलाच नव्हता. तेव्हा 'आता पुढे काय', ही चिंता दिल्लीतील मुत्सद्द्यांप्रमाणे गावच्या पारावरही होती. नवा पंतप्रधान शांतपणे निवडला गेला आणि राज्यकारभार सुरळीत चालला, ही लोकशाहीतील केवढी मोठी गोष्ट आहे, हे नागरिकशास्त्राच्या धड्यात सांगावयाचे असेल तर त्या धास्तीची आठवण हाच त्याचा उत्तम आरंभ होय.

तिसरा प्रश्न रक्षेविषयी विचारता येईल. पंडितजींनी १९५४ साली आपले मृत्युपत्र लिहून ठेवले होते. आपल्या मृत्यूनंतर धार्मिक विधी होऊ नयेत, मूठभर रक्षा प्रयागास गंगेत सोडावी आणि उरलेली रक्षा विमानातून, जेथे भारताचे शेतकरी कष्ट करतात त्या शेतांवर विखरून द्यावी, असा त्याचा आशय होता. गंगेविषयीची आपली इच्छा धर्मभावनेतून नव्हे, तर बालपणापासूनच्या जिव्हाळ्यातून आलेली आहे, असेही त्यांनी त्यात स्पष्ट केले होते. त्याप्रमाणे ८ जून रोजी प्रयागच्या संगमावर रक्षाविसर्जन झाले आणि १२ जून रोजी देशाच्या निरनिराळ्या भागांत विमानांतून रक्षा विखुरण्यात आली. प्रत्यक्षात विधी काही प्रमाणात झालेच. पण शेतांविषयीची इच्छा पाळली गेली. ते दिवस मृग नक्षत्राचे होते. शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसला होता, जमीन पेरणीसाठी तयार होती आणि त्याच सुमारास एका राष्ट्रनेत्याची रक्षा मातीत मिसळत होती. ही वार्ता ऐकून शेतकऱ्याच्या घरात काय बोलले गेले असेल? आपल्या शेतावरून विमान गेल्याचे कोणी सांगितल्यास ते लगेच खरे वा खोटे ठरवू नये. शेतकऱ्याला ती रक्षा आपल्या शेतात पडावीशी वाटली, एवढेही लिहून ठेवण्याजोगे आहे.

स्मृतीचा झरा १९६४ पूर्वीही मागे जातो. आजच्या आजोबांनी स्वतः पाहिलेले आणि त्यांनी आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकलेले, असे दोन थर त्यांच्या बोलण्यात असतात. खानदेशात दुसऱ्या थराला विशेष महत्त्व आहे. १९३६ च्या डिसेंबरात पूर्व खानदेशातील, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यातील, फैजपूर येथे काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते काँग्रेसचे पहिले अधिवेशन आणि त्याचे अध्यक्ष पंडित नेहरू होते. मोठमोठ्या शहरांत भरणारी राष्ट्रसभा खेड्यात आणावी, ही गांधीजींची इच्छा होती. धनाजी नाना चौधरी यांनी तिच्यासाठी अपार कष्ट घेतले. साने गुरुजींनी खानदेशभर हिंडून लोकांना जागे केले. चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या ग्रामीण साहित्यातून अधिवेशननगर सजविले. शेतकऱ्यांच्या सारा-खंडाविषयीचा कार्यक्रम याच अधिवेशनात मांडला गेला. खानदेशातील अनेक कुटुंबांत पणजोबा फैजपुरास गेल्याची आठवण सांगितली जाते. दिल्लीचे नेहरू पुस्तकात आहेत. फैजपूरचे नेहरू खानदेशच्या घराघरांत आहेत.

नंदुरबारच्या संदर्भात १९४२ हे वर्ष तर टाळताच येणार नाही. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गांधीजी आणि नेहरूंसह सर्व प्रमुख पुढाऱ्यांना अटक झाली. नेहरूंना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. तेथेच १९४४ साली त्यांनी भारताच्या शोधाविषयीचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. अटकेस बरोबर एक महिना झाला, त्या दिवशी, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, नंदुरबारच्या रस्त्यावर मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा ही मुले हुतात्मा झाली. शिरीषकुमारचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते. पुढारी तुरुंगात असताना लहान गावातील शाळकरी मुलांनी तिरंगा खाली पडू दिला नाही. मोठ्या नेत्याची आठवण आणि आपल्या गावच्या मुलांची आठवण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे विद्यार्थ्यांना दाखवून देण्यास याहून जवळचे उदाहरण या जिल्ह्यात दुसरे नाही.

आता विवेकाची गोष्ट. स्मृती ही प्रामाणिक असते, पण अचूक असतेच असे नाही. शिक्षकाने हे जाणले नाही, तर तो एक तर सारे खरे मानील किंवा सारे टाकून देईल; दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. काही नमुने पाहावेत.

एखादे आजोबा सांगतील, 'नेहरू गेले तेव्हा शाळेत घंटा झाली आणि गुरुजींनी सुट्टी दिली.' परंतु २७ मे हा उन्हाळ्याच्या सुट्टीतील दिवस. घंटा आणि सुट्टी यांची आठवण बहुधा दुसऱ्या प्रसंगाची असावी. लालबहादूर शास्त्रींचे निधन ताश्कंद येथे ११ जानेवारी १९६६ रोजी झाले. तो मंगळवार होता आणि शाळा चालू होत्या. दोन वर्षांच्या आत देशाने दोन पंतप्रधान गमावले; बालमनात ते दोन दिवस एकमेकांत मिसळले, तर नवल नाही. दुसरी आजी सांगेल की, जळगाव केंद्राच्या रेडिओवर बातमी ऐकली. आकाशवाणीचे जळगाव केंद्र १९७६ साली सुरू झाले. तेव्हा बातमी दुसऱ्या एखाद्या केंद्रावरून आली असणार. पुढे वर्षानुवर्षे कानावर पडलेल्या नावाने जुनी आठवण व्यापली, इतकेच. तिसरे कोणी सांगतील की, वडिलांनी नेहरूंना सुरतेकडे बैलांच्या रथात बसलेले पाहिले. १९३८ च्या फेब्रुवारीत तापीच्या काठी हरिपुरा येथे काँग्रेसचे एक्कावन्नावे अधिवेशन झाले. त्याचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते आणि एक्कावन्न बैलांच्या रथातून त्यांचीच मिरवणूक निघाली होती. फैजपूर आणि हरिपुरा, दोन्ही तापीच्या खोऱ्यातली गावे. एक उगमाच्या बाजूस, दुसरे समुद्राच्या बाजूस, आणि मध्ये नंदुरबारचा मुलूख. ऐकीव आठवणीत दोन मिरवणुकी एक झाल्या असल्यास ते समजण्यासारखे आहे.

असे आढळल्यावर शिक्षकाने काय करावे? नातवाच्या तोंडून आजोबांना खोटे पाडू नये, हे पहिले. ज्या घरात शाळेतून आलेले मूल वडीलधाऱ्यांना 'तुम्हांला ठाऊक नाही' असे म्हणू लागते, त्या घरात शिक्षणाने एक पाऊल पुढे टाकून दोन पावले मागे घेतलेली असतात. आजोबांचे म्हणणे त्यांच्या शब्दांत जसेच्या तसे लिहावे आणि त्याच पानावर दुसऱ्या रकान्यात लिखित वृत्तान्त काय सांगतो ते लिहावे. मग मुलांनाच विचारावे की, हा फरक का पडला असेल? सुट्टीचा महिना कोणता, केंद्र केव्हा सुरू झाले, गाव नदीच्या कोणत्या बाजूस आहे, यांचा शोध ती आनंदाने घेतील. इतिहास म्हणजे तारखांची यादी नसून पुराव्याची पारख आहे, हे शहरातील मोठ्या विद्यालयात शिकविले जाते. तेच धानोऱ्याच्या चौथीच्या वर्गात आजोबांच्या एका वाक्यावरून शिकविता येते.

याहून अवघड प्रसंगही येतील. सर्वच आठवणी स्तुतीच्या नसतील. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत भाग घेतलेल्या घरातील आजोबा कदाचित आधी काळ्या निशाणांची गोष्ट सांगतील. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण करण्यास पंडितजी आले, तेव्हा मुंबईसह महाराष्ट्राच्या मागणीसाठी लोकांनी मोठी निदर्शने केली होती. पुढे महाराष्ट्र राज्याचा मंगल कलश याच नेहरूंच्या हस्ते आला. त्या चळवळीतील आचार्य अत्रे यांच्याइतके कठोर टीकाकार नेहरूंना महाराष्ट्रात क्वचितच लाभले असतील. पण पंडितजी गेल्यावर अत्रे यांनी लिहिलेले मृत्युलेख 'सूर्यास्त' या नावाने ग्रंथरूप झाले. ज्याच्याशी कडाडून भांडलो त्याच्यासाठी मनापासून रडावे, ही लोकशाहीची फार उंच पायरी आहे. मुलांना भक्ती आणि द्वेष या दोनच गोष्टी शिकविल्या, तर ही पायरी त्यांना कधी दिसणार नाही.

कोणी आजोबा म्हणतील की, चीनने दगा दिला आणि त्या धक्क्याने नेहरू गेले. चीनचे आक्रमण १९६२ च्या ऑक्टोबरात झाले आणि त्यानंतर पंडितजी थकलेले दिसत, हे त्या काळी अनेकांनी लिहिले आहे; परंतु मृत्यूचे कारण आणि लोकांनी लावलेला अर्थ या भिन्न गोष्टी होत. 'आजोबा असे मानतात', असे लिहावे. 'असे घडले', असे लिहू नये. या एका क्रियापदाच्या फरकात पुष्कळ शिक्षण आहे.

आणि या जिल्ह्यात आणखी एक आवाज ऐकावा लागेल. नर्मदेवरील धरणाची कोनशिला पंडित नेहरूंनी ५ एप्रिल १९६१ रोजी बसविली. त्या वेळची योजना आजच्याहून लहान होती. धरणाच्या आजच्या उंचीचा आधार म्हणजे नर्मदा पाणीतंटा लवादाचा १९७९ चा निवाडा. या सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली आणि ती सर्व अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील आहेत. तेथून उठून तळोदा-शहादा भागातील वसाहतींत आलेल्या कुटुंबांतील मुले आज जिल्ह्याच्या शाळांत शिकतात. त्यांच्या आजीने नेहरूंचे नाव ऐकले असेल, ते कदाचित धरणाच्या संबंधात ऐकले असेल. आणि तिची आठवण दिल्लीच्या अंत्ययात्रेची नसून पाण्याखाली गेलेल्या शेताची आणि देवस्थानाची असेल. शिक्षकाने ती आठवण गैरसोयीची म्हणून गाळली, तर त्याने मुलाला एक गोष्ट नकळत शिकविली असे होईल: शाळेत फक्त काही घरांच्या आजींना स्थान आहे. यापेक्षा घातक धडा दुसरा नाही.

स्वतः पंडितजींची यांविषयीची भूमिका येथे मार्गदर्शक ठरेल. १९५८ साली व्हेरियर एल्विन यांच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी आदिवासी विकासाची पाच सूत्रे मांडली. आदिवासींनी आपल्या स्वभावधर्मानुसार वाढावे, त्यांच्यावर बाहेरून काही लादू नये. जमीन आणि जंगल यांवरील त्यांचे हक्क मानावेत. कारभारासाठी त्यांच्यातीलच माणसे तयार करावीत. योजनांचा अतिरेक करू नये. आणि यश मोजताना खर्चाचे आकडे न पाहता त्यातून घडणाऱ्या माणसाची प्रत पाहावी, असा त्यांचा भाव आहे. या सूत्रांच्या मापाने पुढील काळाचे आणि खुद्द त्यांच्या कारकिर्दीचेही मोजमाप करता येते. ज्या नेत्याच्या विचारांनीच त्याच्या कार्याची परीक्षा करता येते, त्याचा आदर करण्यास सत्य लपवावे लागत नाही.

पहिल्या सूत्रावरून भाषेचा प्रश्नही सुटतो. धानोऱ्याच्या परिसरात घरोघरी एकच बोली नाही. भिली, मावची, अहिराणी, गुजरी अशा अनेक बोलींतून आजी नातवाशी बोलते. आठवण प्रथम त्याच बोलीत, देवनागरी लिपीत, जशी ऐकली तशी लिहावी. मराठी रूपांतर नंतर खाली द्यावे. आजी घरी रडण्यासाठी जो शब्द वापरते, तो शब्द पुस्तकी मराठीत आणताच अर्ध्याहून अधिक सुकून जातो. शिवाय आपल्या घरची बोली शाळेच्या वहीत उतरलेली पाहून मुलाच्या डोळ्यांत जे तेज येते, ते बक्षिसाच्या पेल्याने येत नाही.

प्रत्यक्ष कामाची पद्धत सोपी असावी. चौथी ते सातवीच्या प्रत्येक मुलाने घरातील किंवा शेजारच्या एका वृद्ध व्यक्तीला पाच प्रश्न विचारावेत: वार्ता कोणाकडून व केव्हा कळली, तेव्हा आपण कोठे व काय करीत होता, घरात व गावात काय झाले, त्या नेत्याविषयी आधी काय ऐकले वा पाहिले होते, आणि त्याच्यामुळे आपल्या जीवनात काय बदलले, बरे अथवा वाईट. पाचवा प्रश्न कधीही वगळू नये. लिहून झाल्यावर मजकूर त्या व्यक्तीस वाचून दाखवावा आणि तिची संमती घ्यावी. जे सांगताना तिने 'हे लिहू नकोस' असे म्हटले असेल, ते लिहू नये. ज्यांना नेहरूंविषयी काही आठवत नसेल, त्यांनी शास्त्रीजींविषयी, १९५६ च्या ६ डिसेंबरला गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी किंवा आपल्या भागातील एखाद्या समाजसेवकाविषयी सांगावे. काहीच आठवत नाही, हेही उत्तर आहे. ती वार्ता त्या पाड्यापर्यंत पोहोचलीच नव्हती, असा त्याचा अर्थ असू शकतो आणि तोही इतिहासच आहे.

सर्व लेखांची एक वही शाळेत ठेवावी. तिच्या प्रत्येक पानावर सांगणाराचे वय, गाव, सांगितल्याची तारीख आणि लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची इयत्ता असावी. वही कुलपात न ठेवता मुलांच्या हाताला येईल अशा जागी ठेवावी. बालदिनी पाठ केलेल्या भाषणांऐवजी त्यातील चार पाने वाचून दाखवावीत आणि ज्यांची ती पाने आहेत त्या आजी-आजोबांना पहिल्या रांगेत बसवावे. ज्या वृद्ध माणसाने आयुष्यात शाळेची पायरी चढली नाही, त्याचे बोलणे शाळेने लिहून घेतले आणि सर्वांसमक्ष वाचले, यात त्याचा जितका सन्मान आहे तितकाच शाळेचाही आहे.

या कामास शासनाचे अनुदान लागत नाही, तपासनीसाची परवानगी लागत नाही, वेगळा तासही लागत नाही. भाषा, इतिहास आणि परिसर-अभ्यास यांच्या तासांतच ते बसते. लागतो तो फक्त वेळ, आणि तोच सर्वांत कमी उरला आहे. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीपूर्वी प्रत्येक शिक्षकाने आपल्या गावातील पंच्याहत्तरीच्या पुढील स्त्री-पुरुषांची यादी करावी आणि सर्वांत वृद्ध व्यक्तीच्या घरी सर्वांत आधी मुलांना पाठवावे. थोर पुरुषांचे पुतळे आणि चरित्रे पुढील पिढ्यांनाही मिळतील. पण २७ मे १९६४ च्या दुपारी या गावातील माणसे काय म्हणाली, हे सांगणारे आज जे थोडे आहेत ते गेल्यावर कोणत्याही ग्रंथालयात सापडणार नाही. ते जतन करणे हे या पिढीच्या प्राथमिक शिक्षकाचे काम आहे, आणि तो ते निश्चित करील.